ड्राय आइस टिकत नाही, की सगळंच गोठवतो? कॅम्पिंगच्या आइसबॉक्सची तपासणी

लक्षणं

तक्रार बहुधा खालीलपैकी एक असते, कधी दोन-तीन एकदम:

- सकाळी ६ किलो ड्राय आइस भरला, दुसऱ्या दिवशी न्याहारीला झाकण उघडलं तर ज्यात गुंडाळला त्या रद्दीची नुसती घडी उरलेली.
- तळाला ड्राय आइस शिल्लक आहे, तरी वरच्या थरातलं मटण मऊ पडलंय.
- उलटा प्रकार: टोमॅटो दगड झालेत, अंडी तडकलीत, दह्याचं पाणी सुटलंय, कोथिंबीर काळी पडलीय.
- चिरलेलं कलिंगड किंवा दूध जिभेला चुरचुरतं, सोड्यासारखं लागतं.
- झाकण आपोआप उचललं जातं, फुसफुस आवाज येतो, किंवा आतल्या प्लास्टिकला तडा गेलाय.
- गाडीत किंवा तंबूत डोकं जड होतं, धाप लागते, गुंगी येते.

शेवटचं लक्षण असेल तर पुढचं वाचत बसू नका. गाडी थांबवा, चारही दारं आणि डिकी उघडा, सगळे खाली उतरा. मोकळ्या हवेत काही मिनिटांत बरं वाटलं नाही तर १०८ ला फोन. बाकी लक्षणांना घाई नाही, ती क्रमाने तपासता येतात.

तपासणीआधी एवढं ध्यानात घ्या

ड्राय आइस म्हणजे घट्ट केलेला कार्बन डायऑक्साइड. तो उणे ७८.५ अंश सेल्सिअसला असतो आणि वितळत नाही, थेट वायू होतो. १ किलोचा साधारण ५४० लिटर वायू. साध्या बर्फाच्या तुलनेत वजनामागे तो पावणेदोन पट उष्णता खेचतो, आणि जड असल्यामुळे जागेच्या हिशेबाने जवळजवळ तिप्पट. पण हे काम फ्रीजरचं आहे, फ्रिजचं नाही. चार अंशांवर भाजी आणि दूध ठेवायला तो घेतला की तक्रार येणारच. त्यामुळे वरच्यातली तिसरी तक्रार ‘दुरुस्त’ करायची नसते, मांडणी बदलायची असते. ते खाली येतंच.

१. वजन करा (खर्च: काही नाही)

बॅगा तोलायचा हातातला ताणकाटा घ्या. दुकानातून बाहेर पडताना एकदा आणि निघताना एकदा पाकीट तोला. बरेचदा ‘एका रात्रीत संपला’ म्हणतात तेव्हा निम्मा आधीच गेलेला असतो. शुक्रवारी दुपारी आणून गॅलरीत थर्माकोलच्या पातळ खोक्यात ठेवलेला ड्राय आइस शनिवारी पहाटेपर्यंत दोन-अडीच किलोने सहज घटतो.

घरच्या फ्रीजरमध्ये ठेवून तो वाचत नाही. घरचा फ्रीजर उणे १८ अंशांच्या आसपास असतो, ड्राय आइसच्या मानाने तो भट्टीच. वर फ्रीजरचा थर्मोस्टॅट एवढ्या थंडीने कंप्रेसर बंद करून टाकतो. म्हणून उपाय एकच, निघायच्या दिवशी उचला. पुण्या-मुंबईत औद्योगिक पट्ट्यातले गॅस पुरवठादार देतात, पण आदल्या दिवशी फोन करून वेळ ठरवावी लागते. कोकणात किनाऱ्यालगतच्या गावी ऐनवेळी मिळेल या भरवशावर राहू नका. तिकडे मिळतो तो साधा बर्फ, हर्णैसारख्या मासळी बंदरांजवळ. तो मासळीसाठी असतो, डब्याबाहेरून गारवा द्यायला चालेल, सरबतात टाकायला नाही.

२. लादी घेतलीत की गोळ्या?

तांदळाएवढे दाणे आणि बोटाएवढ्या गोळ्या मशिनरी साफ करायला किंवा लग्नाच्या स्टेजवर धूर सोडायला उत्तम. आइसबॉक्ससाठी लादी मागा. वजन तेवढंच असलं तरी गोळ्यांचा उघडा पृष्ठभाग कितीतरी जास्त, म्हणून त्या झपाट्याने उडतात. गोळ्याच मिळाल्या तर जाड कागदी पिशवीत ठासून भरा आणि वरून रद्दीचे सात-आठ थर गुंडाळा. प्लास्टिकच्या पिशवीचं तोंड मात्र बांधू नका, ती फुगून फाटते.

लादी फोडायची तर टॉवेलमध्ये गुंडाळून हातोडीने, डोळ्यांवर चष्मा हवा. हातात चामड्याचे किंवा जाड कापडी मोजे. पातळ रबरी मोजे कामाचे नाहीत, थंडी आरपार येते आणि रबर कातडीला चिकटतं.

३. बॉक्स आणि सामान आधीच थंड होतं का?

माळ्यावरून काढलेला बॉक्स एप्रिलमध्ये ३५ अंशांना असतो. त्याच्या भिंती खाली आणण्यातच अर्धा किलोपर्यंत ड्राय आइस जातो. त्याहून मोठी गळती सामानाची. खोलीच्या तापमानाचं १ किलो चिकन गोठवायला ६०० ग्रॅमच्या आसपास ड्राय आइस खर्ची पडतो. चार किलो मसाला लावलेलं चिकन सकाळी थेट बॉक्समध्ये टाकलं की अडीच किलो ड्राय आइस घाटाच्या पायथ्यालाच संपला समजा.

म्हणून मांस, मासळी, मटार, जे गोठवून न्यायचं ते दोन दिवस आधी घरच्या फ्रीजरमध्ये, चपट्या पिशव्यांत. जाड गोळा करून ठेवला तर आतून कच्चाच राहतो. बॉक्समध्ये आदल्या रात्री गोठवलेल्या पाण्याच्या दोन-तीन बाटल्या टाकून झाकण लावून ठेवा. सकाळी त्या काढा आणि लगेच भरायला घ्या.

मोहिमेवर पाण्याच्या बाटल्या ड्राय आइसवर पुन्हा गोठवायचा उद्योग करू नये. एका लिटरला पाऊण किलोच्या आसपास खर्च होतो.

४. मांडणी

वर मऊ आणि खाली दगड ही तक्रार इथेच मिटते. थंड हवा आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही जड, खाली बसतात. लादी तळाला ठेवली तर तळ गोठतो आणि वरचा थर आशेवर राहतो. गोठवलेलं गोठलेलंच ठेवायचं असेल तर लादी वर, सामानाच्या डोक्यावर, मध्ये एक पुठ्ठा. पहिल्यांदा लागणारं सामान सर्वांत वर, पुठ्ठ्याला लागून.

मोकळी जागा उरली तर ती हवेची. झाकण उघडलं की तीच हवा बाहेर सांडते आणि गरम हवा आत येते. जुने टॉवेल, चुरगाळलेली रद्दी, काहीही कोंबा. निम्मा रिकामा ५० लिटरचा बॉक्स नेण्यापेक्षा गच्च भरलेला २५ लिटरचा कधीही बरा.

आता दूध, अंडी, भाजी, दही. यांना वेगळा बॉक्स द्या. दोन बॉक्स हे ऐकून लोक नाक मुरडतात, गाडीत जागा नाही म्हणतात. पण सगळ्या उपायांत सर्वांत गुणकारी हाच. एक बॉक्स ड्राय आइसचा, दिवसातून दोनदाच उघडायचा. दुसरा साध्या बर्फाचा किंवा गोठवलेल्या बाटल्यांचा, त्यात रोजचं सामान आणि पेयं, दहा वेळा उघडला तरी हरकत नाही. एकच बॉक्स न्यायचा हट्ट असेल तर तळाला ड्राय आइस, त्यावर एक इंच जाडीचा थर्माकोल, त्यावर गोठवलेल्या बाटल्या, मग टॉवेल आणि सर्वांत वर भाजी. थर्माकोल चारही भिंतींना भिडला पाहिजे, नाहीतर कडेच्या फटीतून थंडी चढते आणि कडेची अंडीच तडकतात. सोडा, कोला, बिअरचे कॅन या बॉक्समध्ये अजिबात नकोत, गोठून फुटतात. काचेच्या बरण्याही नकोत.

चुरचुरणारं कलिंगड याच प्रकरणातलं. ओल्या, चिरलेल्या पदार्थात वायू विरघळतो. अपाय नाही, तासभर उघड्यावर ठेवलं की चव जाते. पुढच्या वेळी घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. पदार्थाचा डबा घट्ट चालतो, ड्राय आइसचा कधीही नाही.

५. बॉक्स ठेवता कुठे?

उन्हात, वाळूवर किंवा डिकीत ठेवलेल्या बॉक्सचं गणित वेगळंच. दुपारी बंद डिकीत ५० अंशांपलीकडे तापमान सहज जातं. झाडाखाली, जमिनीपासून वर, दोन विटांवर किंवा फळकुटावर ठेवा, म्हणजे तापलेली जमीन खालून भाजत नाही.

ओलं गोणपाट टाकायची युक्ती देशावर, भंडारदऱ्याला किंवा पवनेच्या काठी कोरड्या उन्हाळ्यात छान चालते, कारण पाणी उडताना गोणपाट गार होतं. गुहागर-दिवेआगरच्या दमट हवेत मात्र ते नुसतं ओलंच राहतं. तिकडे पांढरी चादर बरी, बॉक्सपासून चार बोटं वर ताणलेली.

६. झाकण, रबर आणि बूच

कागदाची पट्टी झाकणात धरून झाकण लावा आणि ओढा. अलगद निघाली तर तिथे फट. चारही बाजूंनी, कोपऱ्यांत विशेष. रबर सुकून कडक झालं असेल तर फ्रिजच्या दाराचं किंवा खिडकीच्या फटीला लावायचं चिकट फोमचं रबर लावून काम भागतं.

आता विरोधाभास वाटेल असं. फट बुजवा, पण बॉक्स हवाबंद करू नका. वायूला वाट पाहिजेच, नाहीतर दाब वाढून झाकण उडतं किंवा बॉक्स फुटतो. स्वस्त बॉक्सच्या झाकणाला रबरच नसतं, त्यातून वायू आपोआप निघतो. रबर असलेल्या जाड बॉक्समध्ये एका बाजूची क्लिप सैल ठेवा. तळाचं बूच मात्र पूर्ण लावलेलं असू द्या. लोक उलटं करतात, बूच सैल आणि क्लिप घट्ट. जड आणि थंड वायू तळाच्या भोकातून ओघळून जातो, म्हणजे पैसे मोजून विकत घेतलेली थंडीच सांडते. वरून निघतो तो सगळ्यात गरम वायू, तो गेलेला बरा.

तडा गेलेलं अस्तर बहुधा लादी थेट प्लास्टिकला टेकवल्यामुळे. पुठ्ठ्याचा एक थर पुरे.

७. एका दिवसाची चाचणी: बॉक्स खरंच किती गळतो

इथवर सगळं ठीक आणि तरीही ड्राय आइस टिकत नाही, तर दोष भिंतीत आहे. ते घरीच कळतं, ड्राय आइस न घालवता. बॉक्स आदल्या रात्री थंड करा, सकाळी ५ किलो साधा बर्फ मोजून टाका, झाकण लावा, घरात सावलीत ठेवा, २४ तास उघडू नका. मग बूच काढून पाणी मोजा.

बाहेर ३० अंशांच्या आसपास तापमान असेल तर जितके लिटर पाणी निघालं, ड्राय आइसचा बॉक्स उणे २० अंशांजवळ राखायला रोज साधारण तितकेच किलो ड्राय आइस लागतो. योगायोग नाही. ड्राय आइस उष्णता खेचतो पावणेदोन पट, पण आत-बाहेरच्या तापमानातला फरकही तेवढाच वाढतो, दोन्ही फिटतात. ३ लिटर पाणी निघालं तर दोन दिवसांना ६ किलो, त्यावर वाटेतल्या घटीचा १ किलो आणि एकूणाच्या पाव हिस्सा जादा. म्हणजे ९ किलो धरा. चांगल्या जाड बॉक्समधून दीड-दोन लिटरच निघतं. चार लिटरवर निघालं तर पुढचा मुद्दा.

८. झाकण आणि भिंती

झाकणावर टिचकी मारा. पोकळ, ढबढब आवाज आला तर आत पफ, म्हणजे उष्णता अडवणारा फोम, भरलेलंच नाही. स्वस्त बॉक्समध्ये भिंती भरलेल्या आणि झाकण रिकामं असं सर्रास असतं. त्यात भोक पाडून फोमचा स्प्रे भरता येतो, पण तो फुगतो आणि झाकण वाकडं होतं. त्यापेक्षा झाकणाच्या आतून बसेल असा एक इंची थर्माकोल कापून लावा, शंभर रुपयांच्या आत काम होतं.

भिंतीचा फोम ओला झाला असेल तर मात्र दुरुस्ती अवघड. बॉक्स हलवला की आत पाणी हलतंय, वजन जास्त लागतंय किंवा बाहेरून एकाच जागी घाम धरतोय, ही खूण. मोठा, महागाचा बॉक्स असेल तर फ्रिजच्या इन्सुलेशनचं काम करणाऱ्याकडे द्या. २५ लिटरच्या बॉक्सवर पैसे घालू नका, नवा घ्या.

गाडीतली हवा

याची तपासणी नसते, शिस्त असते. साध्या गाडीच्या केबिनमध्ये साधारण ३ हजार लिटर हवा. दिवसाला ३ किलो घटणारा बॉक्स तासाला ७० लिटरच्या आसपास वायू सोडतो. एसी ‘आतली हवा फिरवा’ या बटणावर असेल आणि हवा अजिबात बदलली नाही असं धरलं, तर तासाभरात केबिनमध्ये सव्वादोन टक्के कार्बन डायऑक्साइड. ३ टक्क्यांच्या आसपास श्वास जोरात चालतो, डोकं दुखतं. ७ ते १० टक्क्यांत काही मिनिटांत शुद्ध हरपू शकते. ताम्हिणी उतरताना चालकाला गुंगी आली तर पुढचं सांगायला नको.

एसी बाहेरच्या हवेवर, दोन काचा बोटभर खाली. जागा असेल तर बॉक्स कॅरिअरवर, ताडपत्रीखाली. जेवायला थांबलात तर बॉक्ससोबत मूल किंवा कुत्रं गाडीत ठेवायचं नाही. तंबूत रात्री बॉक्स ठेवायचा नाही, अगदी ‘कोल्हे येतात’ म्हणूनसुद्धा. वायू जमिनीलगत साठतो आणि झोपलेल्या माणसाचं नाक तिथेच असतं. घरात लावायचे कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म हा वायू ओळखत नाहीत, त्यांच्या भरवशावर राहू नका.

इथे थांबा, पुढचं काम तुमचं नाही

*गाडीत किंवा तंबूत कोणी बेशुद्ध पडलंय.* डोकं आत घालू नका. दारं, चेन बाहेरून उघडा, हवा खेळू द्या, १०८ लावा. वाचवायला आत गेलेलाही पडतो, हे या वायूचं खास आहे.

*कातडी पांढरी, बधिर, कडक झालीय.* चोळू नका, शेकोटीजवळ नेऊ नका. ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात धरा. फोड आले किंवा अर्ध्या तासात संवेदना परतली नाही तर डॉक्टर. पिकनिकच्या मलमाने निभावू नका.

*तुकडा तोंडात गेला किंवा गिळला.* थेट मोठ्या रुग्णालयात. २०२४ च्या मार्चमध्ये गुरुग्राममधल्या एका कॅफेत माउथ फ्रेशनर समजून ड्राय आइस खाल्लेल्या पाच जणांना रक्ताच्या उलट्या झाल्या होत्या. छोटे तुकडे खडीसाखरेसारखे दिसतात, म्हणून उघड्या ताटलीत कधी ठेवू नयेत.

*बाटली, थर्मास किंवा घट्ट डब्यात कोणी ड्राय आइस भरलाय आणि तो फुगलाय.* हात लावू नका, झाकण सैल करायला जाऊ नका. सगळ्यांना लांब न्या, ११२ ला कळवा.

*इन्सुलिन न्यायचंय.* ड्राय आइसच्या बॉक्समध्ये नाही. एकदा गोठलेलं इन्सुलिन वाया जातं आणि पाहून ते कळेलच असं नाही. कसं न्यायचं ते औषधवाल्याला किंवा डॉक्टरांना विचारा.

*अन्नाचा संशय.* तार असलेला तापमापक बॉक्समध्ये ठेवा. मांस, मासळी, दूध ५ अंशांपेक्षा जास्त तापमानात दोन तासांपेक्षा जास्त राहिलं, ऐन उन्हात एक तास, तर टाकून द्या. वास न येणं हा पुरावा नव्हे. खाऊन उलट्या-जुलाब सुरू झाले आणि पाणीही पोटात ठरत नसेल तर जवळचं आरोग्य केंद्र गाठा.

*तीस-चाळीस जणांचा कॅम्प, तीन दिवस.* पाच आइसबॉक्स आणि ४० किलो ड्राय आइस एका बंद टेम्पोत चढवायचा विचार करू नका. थंड व्हॅन भाड्याने घ्या किंवा ताजं सामान तिथेच घ्या.

उरलेला ड्राय आइस परतीच्या गाडीत घेऊ नका. वाऱ्याच्या जागी, मुलं-कुत्री फिरकणार नाहीत अशा ठिकाणी पुठ्ठ्यावर उघडा ठेवा आणि उडून जाईपर्यंत कोणीतरी लक्ष ठेवा. तलावात, संडासात किंवा बेसिनमध्ये टाकू नका, पाइप आणि भांडं तडकतं. किनाऱ्यावर वाळूत पुरूनही ठेवू नका, संध्याकाळी तिथून अनवाणी माणसं चालतात.